पकडाचं काय हाय?

नागपूरच्या लोहाओळीत, इतवारीतल्या त्या अरुंद रस्त्यावर, दुकानदाराने तीन चक, म्हणजे लाकूड कातायच्या लेथवर लाकूड पकडून ठेवणारे लोखंडी जबडे, काढून काउंटरवर ठेवले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. ग्रीस मुरून कागद इतका पारदर्शक झाला होता की आतलं लोखंड दिसत होतं. मी एकेक उचलून पाहत होतो, किंमत विचारत होतो आणि मनातल्या मनात वजाबाकी करत होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "भाऊ, पकडाचं काय हाय तुमाले?" मी म्हटलं, लाकूड. "लाकूड त हायेच. पण कसं? दोन्हीकून धरून भागते, का एकाच बाजूनं धराचं हाय? अन् केवढं?" माझ्याकडे उत्तरं नव्हती असं नाही, पण एकदम फार होती आणि त्यातलं एकही धड सांगता येईना. मागे गिऱ्हाईक उभं होतं. तो त्याचे बोल्ट मोजायला वळला. मी चक पुन्हा कागदात गुंडाळले, येतो म्हणालो आणि स्टेशनची वाट धरली.

गाडीत खिडकीशी बसलो. बुटीबोरी गेलं, बोरखेडी गेलं, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली पऱ्हाटी पांढरी झाली होती, आणि डोक्यात तोच प्रश्न होता. पैसे खिशात होते. सोयाबीनच्या चुकाऱ्यातून बारा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. ज्या वर्षी यलो मोझॅकने शेंगा भरण्याआधीच शेत पिवळं केलं, त्या वर्षी बारा हजार बाजूला काढणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. लेथ आधीपासून घरी आहे. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, दहा इंचांपर्यंतचं लाकूड फिरेल एवढी उंची, गोठ्याच्या शेजारच्या पडवीत सिमेंटच्या ओट्यावर बोल्टने आवळलेली. ती आल्यापासून माझ्या संध्याकाळी बदलल्या. पण तिच्यासोबत चक आला नव्हता. आली ती फक्त एक फेस प्लेट, म्हणजे लाकूड मागून स्क्रूने बसवायची लोखंडी चकती, आणि दोन सेंटर.

सेंटरवर काय काय होतं ते आधी सांगतो, कारण दुकानदाराच्या प्रश्नाची अर्धी बाजू तिथेच सुटते. लाकडाच्या एका टोकात हेडस्टॉकचे, म्हणजे मोटरकडच्या बाजूचे, दात रुततात, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचं, म्हणजे समोरच्या सरकत्या बाजूचं, टोक दाबून बसतं आणि लाकूड दोघांच्या मध्ये फिरतं. लाटणं असं होतं. रवी अशी होते. बाजेचे खुर, पाळण्याच्या दांड्या, पटाशीच्या मुठी, सगळं असंच होतं. आमच्या गावचे म्हातारे वाढई (सुतार), ज्यांना सगळं गाव आबाजी म्हणतं, त्यांनी तरुणपणी दोरीच्या खरादीवर काम केलं आहे. समोर बसलेला पोरगा दोरी ओढायचा, लाकूड एकदा इकडे फिरायचं, एकदा तिकडे, आणि कारागीर फक्त आपल्याकडे येणाऱ्या फेऱ्याला पटाशी लावायचा, परतीच्या फेऱ्याला उचलून धरायचा. ते सांगताना आबाजींचा उजवा पाय आपोआप पुढे येतो, कारण पटाशी पायाच्या अंगठ्यानेही धरलेली असायची. चक म्हणून काही असतं हे त्यांना फार पुढे, शहरात काम करायला गेल्यावर कळलं. "दोन्ही टोकं दाबली का लाकूड कुठी जाते?" असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे.

नंदीच्या चाकांनाही चक लागत नाही. आमच्याकडून सिंदी (रेल्वे) जवळ. तिथला तान्हा पोळा ज्याने पाहिला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे नंदी घेऊन निघतात, कुणाचा हाताएवढा, कुणाचा माणसाहून उंच, दोऱ्यांनी ओढावा लागणारा. गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि घराघरातून पोरांना मिळणारी भेट, बोजारा. भोसल्यांच्या नागपुरात १८०६ साली दुसऱ्या रघुजींनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. नंदी सागवानाचा, पण चाकं ज्याला जे मिळेल त्याची, आणि पोळ्याच्या आठवडाभर आधी माझ्याकडे येतात ती फुटलेली चाकंच. गल्लीच्या सिमेंटवर वर्षभर घासलेली, आडव्या रेषेवर चिरलेली. चाकाला मधोमध भोक असतंच. त्या भोकातून एक बोल्ट घालायचा, मागून नट आवळायचा आणि बोल्टचं शेपूट फेस प्लेटवर पक्कं करायचं. बाभळीची चकती अशी फिरवली की हलत नाही. म्हणजे चाकांसाठी चक घेणं हा पैशाचा अपव्यय ठरला असता. दुकानात मी मनात पहिलं उत्तर हेच काढलं होतं, 'नंदीची चाकं', आणि गाडी सिंदीला लागेपर्यंत ते खोडूनही टाकलं होतं.

मग उरला करंडा.

आजीचा करंडा आमच्या घरी आहे. हळदूचा असावा; त्याचा मूळचा पिवळा रंग आता तेलकट तपकिरी झाला आहे. खाली कुंकवाची जागा, मध्ये मेणाचा लहानसा खण, वर झाकण, झाकणाला कळस. आधी मेणाचं बोट कपाळाला, मग कुंकू, अशी आजीची रीत. झाकण उघडताना एक बारीक आवाज होतो, हवा आत ओढल्याचा, इतकं ते नेमकं बसतं. लहानपणी मी तो आवाज ऐकण्यासाठी ते पुन्हा पुन्हा उघडायचो आणि ओरडा खायचो. असा करंडा दोन सेंटरांच्या मध्ये होत नाही. आतून पोखरायचं तर एक टोक मोकळं हवं, पटाशी आत जायला हवी, आणि तेवढा वेळ सगळं लाकूड दुसऱ्या टोकाने एकट्याने तोललं पाहिजे. म्हणजे दुकानदाराने विचारलेली दुसरी बाजू हीच होती. मी आबाजींना विचारलं की तुमच्या वडिलांनी हे कसं केलं असेल. ते म्हणाले, "ठोकून." लाकडाच्या एका जाड ओंडक्याला वाटीसारखी खोबण, तो ओंडका खरादीवर पक्का, आणि करंड्याचं लाकूड थोडं निमुळतं करून त्या खोबणीत हातोड्याने ठोकून बसवलेलं. काम झालं की दुसरीकडून ठोकून बाहेर. त्यासाठी एक पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि ठोकताना लाकूड सरळ गेलं की तिरकं हे ओळखणारा हात लागतो.

आता ते तीन चक. पहिला होता कारखान्यातला, लोखंडाच्या लेथचा तीन जबड्यांचा, ज्याला सगळे ट्रू चक म्हणतात. साडेचार हजारांत मिळत होता आणि त्याचं काम सुंदर होतं. आतल्या चकतीवर मच्छर अगरबत्तीसारखी गोल गोल जाणारी खाच असते. चावी फिरवली की चकती फिरते, त्या खाचेत अडकलेले जबडे एकाच मापाने आत येतात, आणि जे धरलं आहे ते आपोआप मधोमध येतं. डॉग चक वेगळा. त्याचे चारही जबडे सुटे सरकतात, दर वेळी सुई लावून मध्य शोधावा लागतो, म्हणून तो दुकानदाराने वरच काढला नव्हता. ट्रू चक लोखंडाच्या गोल सळीसाठी बनला आहे. त्याचे जबडे अरुंद, लाकडाला तीन रेषांवर चावणारे. सागवानात ते रुततात, तंतू दबतात, थोड्या वेळाने पकड सैल होते, आणि लाकूड सैल झालेलं डोळ्याला दिसायच्या आधी पटाशीला कळतं. त्याहून वाईट म्हणजे जबडे थोडे जास्त उघडले की चकच्या घेराबाहेर येतात. फिरताना ते दिसत नाहीत, फक्त एक पुसट राखाडी वर्तुळ दिसतं, आणि लाकडाच्या कामात आपली बोटं त्या वर्तुळाच्या वीतभर अंतरात असतात.

दुसरा आणि तिसरा लाकडासाठीच बनलेले, चार जबड्यांचे. हे जबडे म्हणजे एकच जाड कडं चार ठिकाणी कापलेलं. मिटत आले की पूर्ण वर्तुळ होतं आणि लाकडाला चारही बाजूंनी कवेत घेतं. त्यातला एक दोन दांड्यांवर चालणारा, सात हजारांचा. एक दांडी चकच्या अंगात, दुसरी मागच्या कड्यात, दोन्ही उलट दिशांना ओढायच्या की जबडे आवळतात. दुसरा चावीचा, अकरा हजारांच्या आसपास. फरक चार हजारांचा. मी घरी येऊन पडवीत उभा राहिलो आणि हातांनी नुसता अभिनय करून पाहिला. दोन दांड्या म्हणजे दोन्ही हात गुंतले. मग लाकूड कोण धरणार? टेलस्टॉकने दाबून धरता येतं हे खरं, पण करंड्याचं अर्धं झालेलं काम उलट धरायचं असतं तेव्हा टेलस्टॉकचं टोक नेमकं नको तिथे खूण करतं. चावी एका हातात राहते, दुसरा हात लाकडावर, आणि तळहाताला कळतं की लाकूड जबड्यांवर सपाट टेकलं की एका बाजूने उचललेलं आहे. ते चार हजार मला त्या मोकळ्या हातासाठी द्यायचे होते.

वर्ध्याला मगन संग्रहालयात मी अनेकदा जातो. शाळेत असताना सहलीला नेलं होतं तेव्हापासून ती सवय आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, मगनलाल गांधींच्या नावाचं. तिथे चरख्यांसमोर उभं राहिलं की मला आता फक्त खरादीचं काम दिसतं. खांब, मुठी, तुंबे, सगळं कुणीतरी एका लयीत कातलेलं. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटींमध्ये आठ तासांत १६,००० फूट सूत निघालं पाहिजे, अशी एक होती, आणि यंत्राची किंमत १५० रुपयांच्या वर जाता कामा नये, अशीही एक होती. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मला त्या दुसऱ्या अटीचं फार वाटतं. किंमत तिथे शेवटी, सगळं ठरल्यावर, नाइलाजाने आलेली नाही. ती पहिल्या कागदावर आहे, सुताच्या लांबीच्या शेजारी, तेवढ्याच मानाने. यंत्र कसं असावं याचा तो भाग होता. माझे बारा हजारही मी तसेच पाहायला लागलो. आधी ते मला कमी वाटत होते. नंतर ते एक माप वाटू लागले, स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या ज्या फिरत्या दांड्यावर चक चढतो त्याच्या, आट्यांसारखं, ज्यात बसेल तेच घ्यायचं.

आट्यांचंही सांगायलाच हवं, कारण स्वस्त चक घेताना पैसा इथेच बुडतो. माझ्या लेथचं स्पिंडल एक इंचाचं, इंचाला आठ आटे. युरोपी घडणीच्या अनेक लेथना ३३ मिलिमीटरचं आणि साडेतीन मिलिमीटरच्या आट्याचं असतं, अगदी लहानांना पाऊण इंचाचं, सोळा आट्यांचं. काही चक थेट एकाच मापाचे आटे पाडून येतात, ते थोडे स्वस्त पडतात आणि स्पिंडलला जवळ बसतात. काहींत मध्ये बदलता येणारी बुशिंग, आटे पाडलेलं कडं, असते. उद्या लेथ बदलली तर फक्त बुशिंग बदलायची. मी उद्याची लेथ मनातून काढून टाकली आणि थेट आट्यांचा मागितला. दुकानात जाताना लेथवरची फेस प्लेट पिशवीत घालून नेली, तिच्या शेजारी ठेवून चकचे आटे पाहिले. मागची बाजू सपाट आहे का, स्पिंडलच्या खांद्यावर ती पुरी टेकेल का, हे पाहिलं, कारण चक डगडगतो तो बहुतेक वेळा आट्यांमुळे नाही, तिथे न टेकल्यामुळे. जबड्यांवर एक ते चार आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने ते खाचेत चढवावे लागतात; एक चुकला की चौघं मध्यावर भेटत नाहीत. ते काढून, पुन्हा चढवून, पूर्ण मिटवून पाहिले. दुकानदाराने या वेळी काही विचारलं नाही. मीच सांगितलं, "एकाच बाजूनं, पन्नास मिलिमीटर, उभ्या तंतूचं." त्याने मान हलवली आणि कागद ओढला.

वजनही पाहावं लागतं, हे आधी कुणी सांगत नाही. मोठा चक पाहिला की तोच घ्यावासा वाटतो, पण अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरला आणि लहान बेअरिंगला त्याचं ओझं पेलवत नाही. त्यात आमची वीज. शेतातले पंप लागले की आमच्या पडवीतला बल्ब पिवळा होतो आणि लेथचा सूर खाली येतो. जड चक अशा वेळी फिरायला लागतानाच कण्हतो. मी घेतलेला चक चार इंचांच्या आतला आहे.

जादा जबडे घेतले नाहीत. चकबरोबर जे पन्नास मिलिमीटरचे आले तेच. उरलेल्या हजाराचं समोरून पूर्ण चेहरा झाकणारं पारदर्शक शिल्ड घेतलं आणि याबद्दल मला अजिबात दुमत नाही. सहा इंचांचा ठोकळा मिनिटाला १,००० फेरे घेतो तेव्हा त्याची कड ताशी सुमारे २९ किलोमीटरच्या वेगाने चाललेली असते. सुटला तर तो सरळ येतो. जबड्यांवर, पटाशांवर, स्टँडवर, पॉलिशवर वाटेल तेवढी काटकसर करावी, मीही करतो. लाकूड आणि माझं तोंड यांच्यामध्ये जे आहे त्यावर करू नये. ट्रू चक अर्ध्याहून कमी पैशांत मिळत असताना मी तो घेतला नाही, तेही याच कारणाने.

बाकी सगळं कुसवावर, म्हणजे जबड्यांत धरायला लाकडाच्या टोकाला काढलेल्या बारीक भागावर, आहे. चौकटीचं कुसू आबाजींनी आयुष्यभर केलं; चकसाठीचं कुसू गोल असतं, एवढाच फरक. जबड्यांची आतली बाजू थोडी तिरकी असते, म्हणून कुसूही मुळाशी किंचित बारीक आणि टोकाशी रुंद करायचं. व्यास जबडे जवळजवळ मिटतात त्या मापाचा, कारण तेव्हाच ते खरं वर्तुळ असतात. त्याहून फार मोठं केलं की फक्त जबड्यांचे कोपरे चावतात. लांबी अशी की कुसू आत तळाला टेकता कामा नये. टेकायचा तो कुसवाभोवतीचा खांदा, जबड्यांच्या तोंडावर, चारही बाजूंनी सपाट. पकड जबड्यांची असली तरी लाकूड हलू न देण्याचं काम तो खांदा करतो. महागड्या चकवर वाईट कुसू सुटतं आणि स्वस्त चकवर चांगलं कुसू तासन् तास टिकतं, हे मी स्वतःच्या तळहाताने तपासलेलं आहे. आबाजींना मी पहिलं गोल कुसू दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून, कोपऱ्यावरून नख फिरवलं. खांद्याच्या आतल्या कोनात भुशाचा एक दाणा राहिला होता. तो नखाने काढून त्यांनी फुंकर मारली आणि म्हणाले, "आता लाव."

करंडा सागवानाचा केला. हळदू मिळालं नाही. बल्लारशाच्या डेपोतून येणारं सागवान आमच्या आवाक्यातलं नाही. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली तिथूनच लाकूड गेलं. माझं लाकूड आमच्याच पडक्या वाड्याच्या तुळईचं, किती पिढ्या धूर खाल्लेलं. वरचा काळा थर निघाला आणि आतून तो वास आला, चामड्याचा आणि जुन्या तेलाचा. सागवान पटाशीची धार लवकर खातं, त्यात बारीक गारेसारखं काहीतरी असतं, म्हणून मधे मधे थांबून धार लावावी लागते. थांबलं की चक हाताने फिरवून पाहायचा, खांद्याखाली फट पडली का ते. पोखरताना आवाज बदलत जातो. आधी भरीव, घट्ट. मग भिंत पातळ होते तसा वर चढणारा. बाहेर रात्र झाली होती, पंप बंद झाले होते, बल्ब पांढरा झाला होता. झाकणासाठी आबाजींचीच रीत वापरली. बाभळीच्या तुकड्यात खोबण, त्यात झाकण ठोकून. त्याला जबडे लागले नाहीत.

आईने करंडा हातात घेतला तेव्हा मला थोडी धास्ती होती. वडील गेल्यापासून आजीचा करंडा फडताळात मागे गेला आहे आणि घरात त्यावर कुणी बोलत नाही. मी हा करताना मुलीच्या नावाने केला होता, तसं आईला सांगितलंही होतं. तिने झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज आजीच्या करंड्यासारखा नाही, जरा कोरडा आहे. तिने वास घेतला, म्हणाली, "वाड्याचा हाय," आणि देव्हाऱ्यात नेऊन त्यात कुंकू भरलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "देवाले त लागतेच न."

मुलीसाठी दुसरा करायला घेतला आहे. या वेळी लाकूड चिंचेचं आहे, उन्हाळ्यात सावलीत ठेवूनही एका टोकाला तडकलेलं, ते टोक कापून टाकावं लागलं. शिवाय आता बायकांची पोळपाटांची मागणी सुरू झाली आहे. पोळपाट पन्नासच्या जबड्यांवर नीट धरता येत नाही. मोठ्या जबड्यांचा संच हवा, आणि तो चकच्या निम्म्या किमतीला पडतो. तुरीचा चुकारा आला की घेऊ असं एकदा मनात आलं होतं. घरी म्हणणं पडलं की आधी फवारणी पंपाची बॅटरी, आणि ते बरोबर आहे. त्यामुळे फेस प्लेटवर बाभळीची एक मोठी चकती कायमची बसवून घेतली. पोळपाटाला तीन पाय लागतात. पाय जिथे बसणार तिथेच मागून तीन स्क्रू घालायचे, पाट कातून घ्यायचा आणि मग पाय लावायचे. भोकं पायांखाली जातात.